आगकाड्यांना नाचवणारा माणूस

दादासाहेब फाळके म्हटले की सर्वांना १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मात्र वाटाण्याच्या एका रोपामुळे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. पुढे छापखाना काढला. येशूवरील चित्रपट पाहून सिनेमाचे वेड लागले आणि १९१२ साली ते लंडनला जाऊन आले. पण भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहता पाहता अंकुर फुटला, वेल वाढला. तो पाहून पैसा उभा राहिला. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. शिवाय फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात त्या राबल्या त्या वेगळ्याच.

१९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्या नाचवल्या होत्याच. काडी किंचित हलवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. मूकपटाच्या एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या गमतीला जवळजवळ हजार चित्रे! कलेपेक्षा मला ही चिकाटीच मोठी वाटते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एस.टी.ने कॉलेजला येतो. आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हरभरा पेरला की वडील रोज सकाळी उगवण पाहायला रानात जातात. वाटाण्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले की रोप कळायला रोज जावेच लागते. बी.ए. करून काय होणार, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी आला नाही.

बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार मोठा आहे, पण आगकाड्यांची ती फिल्म उरलेली नाही. सरस्वतीबाईंच्या नावाचा उल्लेखही क्वचितच होतो.

माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईने बोरमाळ गहाण ठेवली. ती अजून सुटायची आहे.