घटक ५ : विल्यम विल्बरफोर्स – धर्मश्रद्धा आणि पक्षनिष्ठा

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• विल्यम विल्बरफोर्स यांच्या जीवनाचा परिचय करून देता येईल.
• त्यांची ख्रिस्ती श्रद्धा आणि त्यांचे पक्षीय संबंध यांतील ताण उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• त्यांच्या कार्याचे मोठेपण आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• त्यांच्या कार्याचा हिंदुस्थानाशी आणि मराठी प्रदेशाशी असलेला संबंध सांगता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, धर्म आणि राजकारण यांच्या संबंधाविषयी आपण नेहमी दोन टोकांची मते ऐकतो. धार्मिक माणसाने राजकारणापासून दूर राहावे, असे काही म्हणतात. श्रद्धावंताने आपल्या धर्माला जवळच्या पक्षाला डोळे मिटून साथ द्यावी, असे इतरांना वाटते. ब्रिटिश संसदेत पंचेचाळीस वर्षे बसलेल्या विल्बरफोर्स यांनी या दोन्ही वाटा नाकारल्या. त्यांचा सर्वांत जवळचा मित्र देशाचा पंतप्रधान होता आणि ते स्वतः त्याच्या गटात गणले जात. तरीही विवेकाला पटले नाही तेव्हा त्यांनी त्या मित्राविरुद्ध मत दिले.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आजच्यासारखे सभासद-नोंदणी आणि पक्षादेश असलेले पक्ष नव्हते. टोरी आणि व्हिग ही नावे रूढ होती, पण प्रत्यक्षात पिट यांचा गट आणि फॉक्स यांचा गट असे नेत्यांभोवती जमलेले समूह असत. त्यामुळे पक्षनिष्ठा म्हणजे बहुतांशी व्यक्तिनिष्ठा होती, आणि पक्षाशी मतभेद म्हणजे मैत्रीतील दुरावा.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ बालपण आणि संसदेतील प्रवेश

विल्यम विल्बरफोर्स यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील हल या बंदराच्या गावी एका संपन्न व्यापारी घराण्यात झाला. १७६८ मध्ये वडील वारले आणि मुलगा काही काळ काका-काकूंकडे राहिला. त्या घरात मेथडिस्ट पंथाचे उत्कट धार्मिक वातावरण होते. गुलामांच्या जहाजावरील कप्तानपद सोडून धर्मोपदेशक झालेले जॉन न्यूटन त्याला तेथेच प्रथम भेटले. मुलगा या पंथाच्या आहारी जाईल या भीतीने आईने त्याला परत घरी आणले. हलच्या सुखवस्तू समाजात आणि पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये तो धार्मिक ठसा पुसट होत गेला.

१७८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हलमधून हाऊस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे या निवडणुकीत त्यांनी पाण्यासारखा पैसा खर्च केला होता. त्यांच्याच वयाचे विल्यम पिट हे त्यांचे जिवलग मित्र. १७८३ च्या अखेरीस पिट अवघ्या चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी विल्बरफोर्स यॉर्कशायर या विस्तीर्ण आणि मानाच्या मतदारसंघातून विजयी झाले. पिट यांच्या सरकारला या विजयाने मोठे बळ मिळाले.

५.३.२ श्रद्धेची जागृती आणि पहिला पेच

१७८४-८५ मध्ये त्यांनी आयझॅक मिल्नर या विद्वान मित्राबरोबर युरोपचा प्रवास केला. वाटेत दोघांनी फिलिप डॉडरिज यांचा धर्मपर ग्रंथ आणि ग्रीक भाषेतील नवा करार वाचला. या वाचनाने आणि चर्चेने विल्बरफोर्स अंतर्बाह्य हादरले. क्लब, जुगार आणि मेजवान्यांत गेलेली वर्षे त्यांना व्यर्थ वाटू लागली. संसद सोडून धर्मसेवेला वाहून घ्यावे, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

१७८५ च्या अखेरीस त्यांनी आपली मनःस्थिती पिट यांना पत्राने कळवली. मैत्री कायम राहील, परंतु यापुढे आपण पूर्वीसारखे पक्षाचे माणूस राहू शकणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पिट यांनी प्रत्यक्ष भेटून त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. त्याच सुमारास विल्बरफोर्स वृद्ध न्यूटन यांच्याकडे गुपचूप सल्ला मागायला गेले. न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहण्याचा आणि ईश्वराची सेवा तेथूनच करण्याचा सल्ला दिला. विल्बरफोर्स यांनी तो मानला. पुढील चाळीस वर्षांत त्यांनी कोणतेही मंत्रिपद वा सरदारकी घेतली नाही, हे या निर्णयाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५.३.३ गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा

आफ्रिकेतून माणसे पकडून जहाजांत कोंबायची आणि वेस्ट इंडिजच्या ऊसमळ्यांवर विकायची, हा त्या काळी ब्रिटनचा भरभराटीचा धंदा होता. १७८७ मध्ये विल्बरफोर्स यांनी तो बंद करणे हे आपले जीवितकार्य ठरवले. थॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदरी फिरून खलाशांच्या साक्षी आणि पुरावे गोळा केले. जनमत जागवण्यात क्वेकर पंथीयांचा वाटा मोठा होता. विल्बरफोर्स हे या चळवळीचा संसदेतील आवाज होते. १७८९ च्या मे महिन्यात त्यांनी सुमारे साडेतीन तासांचे भाषण करून हा प्रश्न सभागृहापुढे मांडला.

१७९१ मध्ये त्यांचा प्रस्ताव ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला गेला. १७९२ मध्ये तो मंजूर झाला, पण व्यापार ‘क्रमाक्रमाने’ बंद करावा अशी दुरुस्ती हेन्री डंडास यांनी जोडल्याने त्यातील जीव गेला. १७९६ मध्ये केवळ चार मतांनी पराभव झाला. त्या रात्री काही समर्थक मतदानाऐवजी ऑपेरा पाहायला गेले होते.

येथे पक्षाचा प्रश्न कसा येतो ते पाहा. पिट स्वतः या व्यापाराच्या विरोधात होते आणि त्यांनी प्रभावी भाषणेही केली. परंतु मंत्रिमंडळात एकमत नसल्याने त्यांनी हा सरकारी कार्यक्रम कधीच केला नाही. उलट विरोधी पक्षाचे नेते चार्ल्स जेम्स फॉक्स सातत्याने विल्बरफोर्स यांना मत देत. फॉक्स यांचे खाजगी आयुष्य विल्बरफोर्स यांना रुचणारे नव्हते, तरी या कामात त्यांचा हात त्यांनी आनंदाने धरला.

५.३.४ मित्राविरुद्ध मत

१७९३ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सशी युद्ध सुरू झाले. १७९४ च्या डिसेंबरात विल्बरफोर्स यांनी फ्रान्सशी तहाची बोलणी करावीत अशी दुरुस्ती संसदेत मांडली. पिट यांना तो मोठा आघात वाटला. राजा तिसरा जॉर्ज याने दरबारात विल्बरफोर्स यांच्याकडे पाठ फिरवली आणि अनेक स्नेह्यांनी बोलणे टाकले. विरोधकांना वाटले की हा माणूस आता आपलाच झाला. तोही अंदाज चुकला. विल्बरफोर्स कोणत्याही गटात गेले नाहीत आणि काही महिन्यांत दोन्ही मित्रांची मने पुन्हा जुळली.

दुसरा प्रसंग अधिक कठीण होता. डंडास आता लॉर्ड मेलव्हिल झाले होते आणि नौदलखात्याचे मंत्री होते. पूर्वी ते नौदलाचे खजिनदार असताना त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने सरकारी पैसा खाजगी व्यवहारांत फिरवला, असे चौकशीत उघड झाले. ८ एप्रिल १८०५ रोजी त्यांच्या निषेधाचा ठराव चर्चेस आला. विल्बरफोर्स बोलायला उठले तेव्हा पुढच्या बाकावरून पिट त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. विल्बरफोर्स यांनी ठरावाच्या बाजूने भाषण केले आणि कुंपणावरची अनेक मते त्यांच्यामागे गेली. दोन्ही बाजूंना २१६ मते पडली आणि सभापतींनी निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले. पिट यांच्या डोळ्यांत पाणी आले. नऊ महिन्यांनी, जानेवारी १८०६ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्सने मेलव्हिल यांना महाभियोगातून निर्दोष मुक्त केले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

५.३.५ १८०७ चा कायदा

पिट यांच्यामागून लॉर्ड ग्रेनव्हिल आणि फॉक्स यांचे संयुक्त मंत्रिमंडळ आले. विल्बरफोर्स केवळ पिट यांचे अनुयायी असते, तर त्यांचा प्रश्न या सत्तांतरात मागे पडला असता. परंतु दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी विश्वास होता. ग्रेनव्हिल यांनी विधेयक स्वतः हाती घेऊन प्रथम लॉर्ड्समध्ये मंजूर करून घेतले. २३ फेब्रुवारी १८०७ रोजी कॉमन्सनेही २८३ विरुद्ध १६ मतांनी त्याला पाठिंबा दिला आणि २५ मार्चला कायदा झाला. फॉक्स तो दिवस पाहायला उरले नव्हते.

५.३.६ हिंदुस्थान आणि मराठी प्रदेश

क्लॅपहॅम येथे राहणाऱ्या विल्बरफोर्स यांच्या मित्रमंडळात ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट आणि पुढे हिंदुस्थानात गाजलेल्या मेकॉले यांचे वडील झॅकरी मेकॉले होते. १८१३ मध्ये कंपनीची सनद नव्याने द्यायची वेळ आली. मिशनऱ्यांमुळे असंतोष भडकेल, अशी भीती कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांना होती. विल्बरफोर्स यांनी देशभरातून अर्ज मागवून मिशनऱ्यांना प्रवेश देणारे कलम मंजूर करून घेतले. त्याच वर्षी मुंबईत येऊन हद्दपारीच्या हुकुमाला तोंड देणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी येथे टिकले. त्यांच्या मिशनने पुढे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल.

५.३.७ मर्यादा

चरित्र अभ्यासताना दुसरी बाजूही पाहावी लागते. १८१३ च्या चर्चेत विल्बरफोर्स यांनी हिंदू धर्माविषयी कठोर आणि एकांगी विधाने केली; हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. देशातील गरिबांच्या राजकीय हक्कांबाबत ते धास्तावलेले राहिले. कामगारांच्या संघटनांवर आणि सभांवर बंधने घालणाऱ्या कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला. दूरच्या गुलामाचे दुःख दिसते आणि घरच्या कामगाराचे दिसत नाही, असा आक्षेप विल्यम कॉबेट यांच्यासारख्या समकालीनांनी घेतला, आणि तो निराधार नव्हता. याशिवाय १८३८ मध्ये त्यांच्या मुलांनी लिहिलेल्या पाच खंडांच्या चरित्रात क्लार्कसन यांचे श्रेय कमी दाखवले गेले. चरित्रकाराचे नाते चरित्रावर कसा परिणाम करते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५.३.८ अखेर

१८०७ च्या कायद्याने व्यापार थांबला, गुलामगिरी नव्हे. १८२५ मध्ये प्रकृतीमुळे विल्बरफोर्स संसदेतून निवृत्त झाले. थॉमस बक्स्टन यांनी पुढचे काम चालवले. २६ जुलै १८३३ रोजी गुलामगिरी रद्द करणारे विधेयक मंजूर होणार हे निश्चित झाल्याची बातमी त्यांना मिळाली आणि २९ जुलैला त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पिट यांच्या जवळच त्यांना पुरण्यात आले. या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, गुलामांना काहीही दिले नाही. कंपनीच्या हिंदुस्थानातील मुलखाला तो लागू नव्हता. येथे त्यासाठी १८४३ चा कायदा यावा लागला.

५.४ सारांश

विल्बरफोर्स यांनी श्रद्धेसाठी राजकारण सोडले नाही आणि पक्षासाठी श्रद्धा बाजूला ठेवली नाही. १७९४ आणि १८०५ मध्ये त्यांनी याची किंमत मैत्रीत मोजली. याच स्वतंत्रतेमुळे १८०७ मध्ये त्यांना दोन्ही बाजूंची मते मिळाली. मात्र श्रद्धेने विवेक जागा होतो, तसा तो काही ठिकाणी आंधळाही राहू शकतो, हे त्यांच्या हिंदुस्थानविषयक आणि कामगारविषयक भूमिकांवरून दिसते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच तुम्ही या चरित्राचे मूल्यमापन करावे.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जॉन न्यूटन यांच्या सल्ल्याचे विल्बरफोर्स यांच्या जीवनातील महत्त्व सांगा.
२. १७९४ आणि १८०५ मधील प्रसंगांची तुलना करा.
३. पक्षापासून राखलेले अंतर १८०७ च्या यशाला कसे उपयोगी पडले, ते स्पष्ट करा.
४. विल्बरफोर्स यांच्या विचारांतील मर्यादांविषयी तुमचे मत सकारण लिहा.