रविवारची सुटी मिळवून देणारा माणूस

कामगार संघटना हिताच्या की अहिताच्या, या विषयावर आमच्या वादविवाद मंडळात दोन्ही बाजूंनी आवेशाने भाषणे झाली. मला हा वाद नवा नव्हता. माझे आजोळ इंदूरचे. सियागंज ही तिथली किराणा मालाची घाऊक बाजारपेठ. मामा तिथल्या एका पेढीवर हिशेब लिहीत. हातगाड्या आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल यांतून वाट काढत मी पेढीवर पोचलो की चहाबरोबर हा विषय हमखास निघे. इंदूरच्या कापडगिरण्या युनियनवाल्यांनी बुडवल्या, असे मामांचे ठाम मत. मामांकडे येणारे एक वृद्ध गिरणी कामगार तितक्याच ठामपणे उलट सांगत. हुकुमचंद मिल 1990 नंतरच्या एकदोन वर्षांत बंद पडली आणि कामगारांच्या हक्काचे सुमारे 224 कोटी रुपये सुटायला डिसेंबर 2023 उजाडला. एकेकट्या कामगाराला इतकी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे झेपले असते काय?

या दोघांच्याही म्हणण्याचे मूळ मला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चरित्रात सापडले.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यास झाला. शिक्षण बेताचेच. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापडगिरणीत कोठारावरचे कारकून झाले. म्हणजे ते स्वतः मागावर उभे राहणारे कामगार नव्हते, पण मागावरच्या माणसांचे हाल ते रोज पाहत होते. त्या काळी गिरणीचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. ठरलेली साप्ताहिक सुटी नाही. पगार केव्हा होईल याचा नेम नाही. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराने भारलेल्या या तरुणाने 1880 मध्ये 'दीनबंधु' पत्र मुंबईत हाती घेतले आणि ही दैना चव्हाट्यावर मांडली.

1884 साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे ते पटवून देत, असे सांगतात. (आपल्या कन्नड विभागातील मित्रांना हाच देव मैलार म्हणून ठाऊक आहे.) त्याच वर्षी उभी राहिलेली त्यांची 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही आपल्या देशातील गिरणी कामगारांची पहिली संघटना मानली जाते.

विरोध केवळ मालकांचा असता तर नवल नव्हते. कारखान्यांवर कायद्याची बंधने यावीत ही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचीही इच्छा होती, कारण त्यामुळे मुंबईचे कापड महाग पडणार होते. म्हणून राष्ट्रीय बाण्याची अनेक पत्रेदेखील या कायद्यांच्या विरोधात होती. देशी धंदा बुडेल, हा आक्षेप तेव्हाचाच. मामांचा युक्तिवाद म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचाच! तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता. परंतु परक्याचा स्वार्थ साधतो म्हणून आपल्या माणसाने सातही दिवस राबावे, हे लोखंडे यांना मान्य झाले नाही.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. दोन स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या, हे त्या काळचा विचार करता मला सर्वांत विशेष वाटते. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारचा विसावा आला. स्त्रियांना 11 तासांची आणि मुलांना 7 तासांची मर्यादा लागली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र कायद्याने हात लावला नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, म्हणून मुंबईच्या न्हाव्यांनी त्याच सुमारास संप केला, त्यामागेही लोखंडेच होते. संप केवळ पगारासाठी असतो, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता दुसरी बाजू. या संघटनेला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. सारा कारभार एका माणसाच्या लेखणीवर आणि पायपिटीवर चाले. 1895 मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले, त्यावरही नाके मुरडता येतील. माझ्या मते किताबापेक्षा नोंदवहीचा अभाव अधिक गंभीर. जमाव एका नेत्याच्या शब्दावर उभा राहतो तेव्हा माघार केव्हा घ्यायची हे ठरवणाराही तोच असतो. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेसाठी राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. वय 48-49. त्यांच्यामागे संघटनेचे नावही फारसे ऐकू येईना. मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली ती 1909 साली, आणि संघटनांच्या नोंदणीचा कायदा झाला 1926 मध्ये. रविवारची सुटी तेवढी मधल्या काळातही चालू राहिली.