रणभूमीवरील शल्यविशारद डॉ. कोटणीस

चाकूर - लातूर-नांदेड मार्गावर अपघात झाला, की वाहत्या रक्ताकडे सर्वांचे लक्ष जाते. पोटाला बसलेला मुका मार मात्र दुर्लक्षित राहतो. उपचार जखमीपर्यंत लवकर पोहोचले पाहिजेत, हे तत्त्व सोलापूरच्या एका डॉक्टराने चीनच्या रणभूमीवर आचरणात आणले. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक तेथे पाठविले. डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखालील या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि अवघ्या 27 वर्षांचे कोटणीस होते. काही सहकारी मायदेशी परतले. कोटणीस तेथेच थांबले. चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर आघाडीजवळच शस्त्रक्रिया केल्या. 1940 मधील एका लढाईत ते सलग 72 तास शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगितले जाते. 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

त्या काळी सीटी स्कॅन नव्हते. पोटातील इजा ओळखण्यासाठी नाडी, पोटाचा ताठरपणा आणि अनुभव यांवरच भिस्त असे. स्वादुपिंडाची इजा तर आजही चकवा देते. हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर असतो. वाहनाच्या स्टिअरिंगचा किंवा सायकलच्या हँडलचा जोरदार आघात झाल्यास तो कण्यावर दाबला जाऊन फाटू शकतो. सुरुवातीला वेदना कमी असू शकतात; रक्तातील अमायलेजचे प्रमाणही प्रारंभी सामान्य येऊ शकते. त्यामुळे रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवून पुन्हा तपासावे लागते. मुख्य नलिका शाबूत असल्यास बहुधा शस्त्रक्रियेविना उपचार होतात. ती तुटल्यास अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. विलंब झाल्यास पाचकरस गळून जंतुसंसर्ग व रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

1941 मध्ये कोटणीस यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी पुत्र झाला. भारत व चीन या दोन्ही देशांची चिनी नावे जोडून त्याचे नाव यिनह्वा ठेवण्यात आले. मात्र 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या विकाराने कोटणीस यांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ 32 वर्षांचे होते. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये चित्रपटाद्वारे त्यांची कथा घरोघरी पोहोचविली.

अपघातानंतर पोटात दुखत असेल, उलट्या होत असतील, तर घरी न थांबता रुग्णालय गाठणे, हाच या सोलापूरच्या सुपुत्राच्या कार्यातून घ्यावयाचा धडा आहे.