गणितशिक्षक मास्टर रामचंद्र

गणिताचे नाव निघताच पुष्कळ मुलांस धडकी भरते. म्हणून प्रिय वाचकांपुढे आम्ही दिल्लीच्या एका शिक्षकाचे चरित्र ठेवितो.

रामचंद्र यांचा जन्म इ. स. १८२१ साली पानिपत येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. तथापि विद्येचा ध्यास सुटला नाही. १८४४ साली ते दिल्ली कॉलेजात शिक्षक झाले व उर्दूतून गणित शिकवू लागले. आपल्या देशात बीजगणिताची परंपरा जुनी. तीच वाट धरून विद्यार्थ्यांस उच्च गणितापर्यंत न्यावे, या हेतूने त्यांनी १८५० साली कलकत्ता येथे एक इंग्रजी ग्रंथ स्वखर्चाने छापविला. चलनकलनावाचून महत्तम व लघुतम मूल्ये कशी काढावी, हे त्यात दाखविले होते. समजा, ४० हात कुंपणात मोठ्यात मोठा आयताकृती वाफा करावयाचा आहे. लगतच्या दोन बाजूंची बेरीज २० हात. वर्गसमीकरण मांडता, क्षेत्रफळ १०० चौरस हातांहून अधिक धरल्यास उत्तर अशक्य ठरते. म्हणजे १० हातांचा चौरसच सर्वांत मोठा.

कलकत्त्यात ग्रंथाची निंदा झाली; परंतु लंडनचे गणिती डी मॉर्गन यांनी त्याची योग्यता ओळखून १८५९ साली तो आपल्या प्रस्तावनेसह तेथे प्रसिद्ध केला.

१८५२ साली रामचंद्र यांनी बाप्तिस्मा घेतला होता. १८५७ च्या बंडात त्यांस जीव वाचवून दिल्लीबाहेर पडावे लागले. पुढे ते दिल्लीतच सरकारी शाळेचे हेडमास्तर झाले. १८८० साली त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थ्याजवळ जे ज्ञान आहे, त्याच्याच आधाराने त्यास पुढची पायरी चढविणे, ही या गुरूची रीत आमच्या शाळामास्तरांनी अवश्य उचलावी.