लोकमान्य आणि कलम १५३ अ

लोकमान्य टिळक म्हटले की आपल्याला काय आठवतं? शेंगांची टरफलं, सार्वजनिक गणपती, आणि स्वराज्याबद्दलचं ते एक वाक्य, जे प्रत्येक भाषण स्पर्धेत कोणीतरी पगडी घालून ओरडतंच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझी मजल याच्याही पुढे नव्हती. पण टिळकांचं चरित्र कोर्टाच्या बाजूने वाचलं तर एक वेगळाच माणूस समोर येतो. लिहिण्या-बोलण्यासाठी निदान चार वेळा कोर्टात उभा राहिलेला माणूस! आज कुठे दंगल झाली की मेसच्या टेबलावर लगेच निर्णय होतो, द्वेष पसरवणाऱ्यांसाठी अजून कडक कायदा पाहिजे. असं म्हणणाऱ्या सगळ्या मित्रांसाठी हा लेख.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील शिक्षक. टिळकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन १८७७ साली बी.ए. केलं आणि १८७९ साली एल.एल.बी. गणित आणि कायदा, दोन्हीत पक्के. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्याबरोबर त्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले.

दीड वर्षात पहिला तुरुंगवास! कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असं या पत्रांनी छापलं. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर छापलं तो बनावट निघाला. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण चार महिन्यांची शिक्षा झालीच आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या खटल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आरोप एका माणसावर होता. पत्रं खरी की खोटी हे तपासता येत होतं, आणि ती खोटी निघाली. मोजता येण्यासारखी गोष्ट होती.

पुढे आगरकर आणि टिळक यांचं फाटलं. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, जुन्या रूढी, सगळ्यांवर ते तुटून पडायचे. पुण्यातल्या सनातनी मंडळींच्या भावना इतक्या दुखावल्या की त्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. टिळक आणि आगरकर एकमेकांवर लेखणीने वार करत राहिले, पण 'सुधारक' बंद पडला नाही. आता विचार करा. समाजात तेढ निर्माण केली म्हणून पकडण्याचं कलम तेव्हा असतं, तर पहिला आरोपी कोण झाला असता? आगरकरच! आणि आज ज्या सुधारणा आपण गृहीत धरतो, त्या अजून किती वर्षं मागे राहिल्या असत्या?

मग आलं १८९७ साल. पुण्यात प्लेग होता. कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करत होते, लोक भयंकर चिडले होते. 'केसरी'ने या कारभारावर कडक टीका केली. १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवातल्या भाषणांची हकिगत आली, त्यात अफजलखानाच्या वधाची चर्चा होती. बरोबर एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारने दोन गोष्टी जोडल्या आणि २७ जुलैला टिळकांना अटक झाली. कटाचा पुरावा नव्हता, म्हणून राजद्रोहाचं कलम १२४ अ लावलं. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायद्याचा जो अर्थ सांगितला त्याचं सार असं, की सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. म्हणजे सरकारवर प्रेम करणं कम्पल्सरी! ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. अठरा महिने सक्तमजुरी.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८९८ साली सरकारने कायदा दुरुस्त केला. १२४ अ मध्ये सरकारबद्दल द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले, आणि शेजारी एक नवीन कलम आणलं: १५३ अ. वेगवेगळ्या वर्गांमध्ये शत्रुत्व किंवा द्वेष वाढवणं हा गुन्हा. कागदावर किती छान! समाजात शांतता राहावी हे कोणाला नको असतं?

दहा वर्षांनी ते कलम कोणाला लागलं पाहा. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि दोन निरपराध इंग्रज बायका मेल्या. सरकारने वर्तमानपत्रांचं तोंड बंद करायला ८ जूनला नवा कायदा केला. ९ जूनच्या 'केसरी'ने लिहिलं त्याचा सारांश असा, की दडपशाही हा टिकाऊ उपाय नाही, लोकांना हक्क द्या. आपल्या भाषेत सांगायचं तर बॉयलरचं प्रेशर वाढतंय म्हणून प्रेशर गेज फोडू नका. या आणि १२ मेच्या अग्रलेखासाठी टिळकांवर १२४ अ आणि १५३ अ लागलं. आणि ते दोन वर्ग कोणते? हिंदी आणि इंग्रज! राज्यकर्ते स्वतःच एक नाजूक वर्ग बनून कलमाच्या छत्रीखाली जाऊन बसले. त्याच दिवसांत अँग्लो-इंडियन पत्रं हिंदी लोकांबद्दल वाटेल ते लिहीत होती. त्यांना हे कलम लागलं नाही.

न्यायाधीश होते दिनशा दावर. याच दावरांनी १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला होता. १९०८ साली न्यायाधीश म्हणून त्यांनी जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, एकवीस तासांहून जास्त. त्यातला बराच वेळ भाषांतरावर गेला. लेख मराठीत आणि ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. सरकारी भाषांतरात मराठी शब्द मूळापेक्षा जहाल झाले आहेत हे टिळक एकेक शब्द घेऊन दाखवत होते. मी स्वतः मराठी अडखळत वाचते, एका शब्दाच्या छटेने वाक्य कसं फिरतं हे मला चांगलंच माहीत आहे. द्वेषाचं युनिट काय? तो कशात मोजतात? इथे तर मोजणाऱ्यांना भाषाच येत नव्हती.

२२ जुलैला रात्री निकाल लागला, सात विरुद्ध दोन. राजद्रोहासाठी सहा वर्षं काळं पाणी आणि १५३ अ साठी एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला, गोळीबारात माणसं मेली. म्हणजे शांततेसाठी आणलेल्या कायद्याने शांतताही दिली नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. तिथे 'गीतारहस्य' लिहिलं हे आपण पाठ करतो, पण १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्या तेव्हाही ते तिथेच होते, हे विसरतो.

१९१४ साली सुटले आणि पुन्हा बोलायला लागले. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांसाठी सरकारने चांगल्या वर्तणुकीचे जामीन मागितले, त्यांचा स्वतःचा वीस हजारांचा आणि शिवाय दहा-दहा हजारांचे दोन. वकील होते जीना. हायकोर्टाने हा हुकूम रद्द केला. तेच टिळक, तोच राजद्रोहाचा कायदा, फक्त न्यायाधीश वेगळे! ज्या कायद्याचा अर्थ खुर्चीवर कोण बसलंय त्यावर ठरतो, त्याच्या भरवशावर माणसाने लिहायचं कसं?

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. १९५६ साली ज्या हायकोर्टाने त्यांना शिक्षा दिली तिथेच त्यांच्या शब्दांची पाटी लागली. कलम १५३ अ मात्र शब्द थोडे बदलून स्वतंत्र भारतात चालू राहिलं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून आहे.

कोणी म्हणेल, म्हणजे कोणी काहीही बोलायचं का? नाही. समोरच्या जमावाला सांगितलं की अमक्याचं घर जाळा, तर तो गुन्हाच आहे. खोटे आरोप करून एखाद्याचं नाव खराब केलं तर कोल्हापूरसारखी शिक्षा व्हावीच. पण मनातल्या द्वेषाचं माप सरकारच्या हातात देऊ नये, कारण सरकार कुठलंही असो, आधी स्वतःवरची टीकाच त्या मापाने मोजतं. वाईट बोलणाऱ्याला उत्तर द्यावं, आगरकर-टिळकांनी एकमेकांना दिलं तसं, पुढच्या अंकात. नवीन कडक कायदा मागण्याआधी एवढंच विचारू या: तो १९०८ साली असता, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण दिसलं असतं?