आभाराच्या भाषणात रमाबाई

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी वही घेऊन दारात उभी राहिली. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातली पोस्टिंग संपत आली होती आणि शेवटच्या दिवशी सगळ्या मुलींच्या वतीनं मॅडम, सिस्टर आणि बाकी स्टाफचे आभार मानायचं काम तिच्यावर आलं होतं. काकू, चार ओळी लिहून द्या की, म्हणाली. बी.ए. झालेली आणि महिला मंडळात बोलणारी बाई म्हणजे भाषणं लिहून देणारी, असा गल्लीचा समज आहे!

मी तिला बसवलं, चहा टाकला आणि कुणाचे आभार मानायचेत ते विचारलं. तिनं नावं सांगितली. मग काय काय शिकवलं, असं विचारल्यावर तिची गाडी सुटली. हलता न येणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. शीर सापडली नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा टोचायचं नाही, सिस्टरना हाक मारायची. पहिला मृत्यू बघितला त्या रात्री सिस्टरनी तिला बाजूला नेऊन आधी पाणी प्यायला दिलं होतं आणि मग मागचं सगळं कसं आवरायचं ते हाताला धरून शिकवलं होतं. हे सांगताना पोरीचा आवाज बदलला. आणि मला एकदम रमाबाई रानडे आठवल्या.

तुमच्यापैकी अनेकींनी 2012 साली 'उंच माझा झोका' ही मालिका बघितली असेल. तिच्यातली छोटी रमा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण न्यायमूर्तींची बायको एवढीच तिची ओळख धरून आपण थांबतो. त्यांच्या मागं रमाबाई तेवीस वर्षं जगल्या आणि माझ्या मते खऱ्या रमाबाई त्या वर्षांतच दिसतात.

त्यांचं माहेर आपल्या अगदी जवळचं, आता सांगली जिल्ह्यात असलेलं देवराष्ट्रे. कुर्लेकरांच्या घरात 1862 साली त्या जन्मल्या, माहेरचं नाव यमुना. 1873 साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि माधवराव एकतीसचे. माधवरावांचं लहानपण आणि सुरुवातीचं शिक्षण कोल्हापुरातलं, त्यांचे वडील इथंच नोकरीला होते. म्हणजे ही आमच्या कोल्हापूरची सून असं म्हणायला हरकत नाही!

सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं रात्री जागून शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांचा राग सुरू झाला. दिवसा काम, टोमणे, अबोला आणि रात्री पाटी. पुढं इंग्रजी शिकवायला एक इंग्रज बाई येऊ लागल्या, तर त्यांना शिवलं म्हणून धड्यानंतर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरू देत नसत. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी सभा झाली तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं आणि घरी आल्यावर बोलणी खावी लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय. 1910 साली आलेलं हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. त्रास देणाऱ्यांबद्दलही त्यात कडवटपणा नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. पोटी मूल नाही. त्या काळच्या विधवेनं कोपऱ्यात बसायचं, एवढीच लोकांची अपेक्षा. रमाबाई काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. पडल्या त्या थेट तुरुंगातल्या बायकांना भेटायला. मग दवाखान्यांत जाऊ लागल्या, पेशंटना फळं, फुलं, पुस्तकं देऊ लागल्या. खाटेशेजारी बसून विचारपूस करणाऱ्या माणसाची किंमत काय असते, हे त्यांना तिथंच कळलं असणार, असं मला वाटतं. मी स्वतः मंडळातर्फे पेशंटना डबे पोचवते, तेव्हा डब्यापेक्षा पाच मिनिटं बसणंच जास्त लागतं हे बघितलंय.

1909 साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. शिवण, शिक्षिकांचं शिक्षण, मोठ्या बायकांचे वर्ग, सगळं होतं. पण सर्वांत अवघड काम नर्सिंगचं होतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, कुणाच्याही जातीचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं. चांगल्या घरातली बाई हे करेल, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. अशा वेळी तरुण विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला रमाबाई उभ्या राहिल्या. दवाखान्यात शिकणाऱ्या या मुलींसाठी सेवासदनानं वेगळं वसतिगृहही काढलं. आजच्या आपल्या मुलींच्या पोस्टिंगची ही पणजीच म्हणायची.

आणि आता तो प्रसंग. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता, बक्षिसं वाटायची होती. नर्सिंग शिकणारी एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. डोकं भादरलेलं, अंगावर एकच साधं लुगडं. तिला बघून गॅलरीत बसलेली कॉलेजची मुलं हसायला लागली, हुर्यो करू लागली. बक्षीस घेऊन ती खाली उतरली. कार्यक्रम पुढं चालू राहिला. शेवटी रमाबाई आभार मानायला उठल्या. आभाराचं भाषण म्हणजे लोक चपला शोधायला लागतात ती वेळ! पण रमाबाईंनी त्या मुलांनाच धारेवर धरलं. कॉलेजात शिकता, मग तुम्हाला शिकलेले कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. दुष्ट रूढीला बळी पडलेली ही मुलगी तुमची बहीणच आहे आणि तुम्ही तिला हसलात, असं भर सभेत सुनावलं. सगळं थिएटर गप्प झालं.

त्यानंतर 1924 साली जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आळंदीच्या यात्रेत बायकांच्या मदतीला सेवासदनाच्या स्वयंसेविका नेल्या, 1913 साली दुष्काळात गुजरात-काठेवाडात जाऊन काम केलं, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी, बायकांच्या मतासाठी भांडल्या. 1962 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं. सेवासदन तर पुण्यात अजून आहे.

हे सगळं मी त्या मुलीला सांगत बसले आणि चहा गार झाला. एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म आणला होता. भरूनही ठेवला होता. घरातल्या मोठ्यांनी वाचला, चार दिवस कुणी बोललं नाही, आणि मग कळलं की फॉर्मची मुदत संपली. रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळ कोण देणार, एवढंच कानावर आलं. मी आर्ट्सला गेले. रमाबाईंना जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती आणि गॅलरी तशीच भरलेली होती, फक्त हुर्यो ऐकू येत नव्हती. वाईट याचं वाटतं की तेव्हा मीही तोंड उघडलं नाही.

असो. मी भाषण लिहून दिलं, रमाबाईंचा प्रसंगही त्यात घातला. कार्यक्रमाला तिच्या आईबरोबर मलाही बोलावलं होतं. पोरीनं कागद काढला, दोन ओळी वाचल्या आणि घडी घालून ठेवून दिला. मग मनानंच बोलली. मॅडमचे, सिस्टरचे आभार मानले. आणि शेवटी वॉर्डातल्या मावशींचं नाव घेतलं. पेशंटला न उठवता त्याच्या खालची चादर कशी बदलायची, हे तिला मावशींनी शिकवलं होतं. मावशी दाराशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना पुढं बोलावलं तर त्या आधी हात पदराला पुसत राहिल्या, आणि मग हळूच आत आल्या.