दिवाण सालारजंग

एकेकाळी बीदर-गुलबर्ग्याकडील सारा मक्त्याने वसूल होई. जो अधिक बोली बोले त्याच्या हाती तालुका. मग रयतेचे काय होई, हे सांगावयास नको! १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, मीर तुराब अली खान ऊर्फ सालारजंग हे निजामाचे दिवाण झाले. खजिना रिता होता. थकलेल्या पगारापोटी अरब जमादार मुलूख अडवून बसले होते. सालारजंगांनी हळूहळू मुलूख सोडविला, मक्ते मोडून पगारी अंमलदार नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. १८७४ साली आपल्या वाडीहून सिकंदराबादेस आगगाडीही गेली.

तथापि १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खानाने रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा हा दिवाण इंग्रजांच्या बाजूस राहिला. राज्य टिकले, पण लोकांचा रोष त्यांच्या माथी आला. १८५९ साली त्यांच्यावर गोळीही झाडली गेली. माझ्या मते, त्यांनी इंग्रजांवर फाजील भरवसा ठेवला. १८६० साली रायचूर दुआब परत मिळाला. वऱ्हाड मात्र नाही. त्या आशेने ते १८७६ साली विलायतेस जाऊन आले. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने ते वारले, तेव्हाही वऱ्हाड इंग्रजांकडेच होते.